काहूनचा रकाना

आमच्या ऑफिसातल्या मेलच्या मशीनला काही विचारलं तर ते उत्तर देई, पण काही बदलायला सांगितलं तर हूं का चूं करत नसे. एखाद्या सेटिंगचं नाव टाइप करून एंटर मारलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत त्याची किंमत येई. फोन किती वाजता लावायचा, न गेलेलं पत्र किती दिवस सांभाळायचं, परत आलेलं पत्र कोणाला दाखवायचं, असलं सगळं. त्याच नावापुढे नवी किंमत लिहून एंटर मारलं की बदललं. ‘नक्की का?’ नाही, ‘झालं’ नाही. फक्त एक रिकामी ओळ आणि तिच्या टोकाला लुकलुकणारा चौकोन. जुनी किंमत काय होती हे त्याला नंतर सांगता येत नसे. चोविसाव्या वर्षी मला हा कारभार फार आवडला होता. घरात किंवा ऑफिसात, दुसऱ्या कशावरच माझी इतकी सत्ता नव्हती.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. ऑफिस नागपूरच्या सदर भागात, हेड ऑफिस दुसऱ्या शहरात. मशीन गोदरेजच्या कपाटाच्या निम्म्या उंचीचं, आणि त्याच्यासाठी खास एसी बसवलेली खोली. उद्घाटनाला नारळ फोडला तोही खोलीच्या बाहेर, कारण पाणी उडेल अशी भीती. आमच्या घरी छपन्न सालापासून नारळ-कुंकू बंद झालेलं, त्यामुळे मी बाजूला उभी राहून फक्त खोबरं खाल्लं. ऑफिसात आठ टर्मिनल होती, त्यांच्यावरून एकमेकांना पत्रं जात. रोज अकरा वाजता आणि चार वाजता आमचं मशीन हेड ऑफिसच्या मशीनला फोन लावी, थोडा वेळ किंचाळल्यासारखा आवाज होई, आणि पत्रांची देवाणघेवाण उरकली जाई. मे महिन्यात अख्ख्या ऑफिसला मेल पाठवायची घाई सुटे. चपला बाहेर काढून लोक आत येत, दोन ओळींच्या पत्राला अर्धा तास लावत आणि घाम वाळला की निघून जात.

मी बीएस्सी गणित. जरीपटक्याच्या बाजूला आमचं घर, तिथून सायकलनं यायचे. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन आले होते आणि एक वर्षाच्या प्रोबेशनवर होते. आई रोज निघताना बजावायची, “तोंड सांभाळजो वं बाई.” तिला आपली लेक ठाऊक होती.

खोलीला लागूनच आवक-जावक विभाग होता. विभाग म्हणजे एक टेबल, दोन जाडजूड रजिस्टरं, डिंकाची बाटली आणि काका. काका उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातले. माग धाकट्या भावाला देऊन ते नागपूरला नोकरीला आले आणि ऑफिसात शिरणारं आणि ऑफिसातून निघणारं प्रत्येक पाकीट तेव्हापासून त्यांच्या हातून गेलेलं. पत्त्यावर नुसतं ‘मोठे साहेब, नागपूर’ असलं तरी ते नेमक्या टेबलावर पोचवत. मशीन आल्यापासून पाकिटं कमी होत चालली होती. काका ते बघत होते, बोलत नव्हते.

बोलले ते एकदाच, डबा खाताना. “मले सरप्लस करतील, पाहजो. चंद्रपूरच्या पुढं कॅम्प ऑफिस हाये, तिथं धाडतील.”

“मग जाल. पावणेदोन वर्षं तर राहिली रिटायर व्हायला,” मी म्हटलं. मी असंच बोलायचे तेव्हा.

तेव्हा त्यांनी काकूंबद्दल सांगितलं. काकूंची नजर दहा वर्षांपूर्वी पूर्ण गेली होती. इतवारीमागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत त्या सगळं पावलं मोजून करत. चुलीपासून नळ नऊ पावलं, दारापासून किराणा दुकान बत्तीस. त्या एकट्या जात, एकट्या येत, भाजीवाल्याला वजनात फसवू देत नसत. “तिथं मोजायले तिले दोन वर्षं लागली,” काका म्हणाले. “आता घर बदललं तर तिचे डोळे दुसऱ्यांदा जातीन.” मी माझी पोळी तशीच डब्यात ठेवली.

नियम असा होता की सरप्लस लोकांची यादी हेड ऑफिस वर्षातून एकदा करी, आणि नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं की कोणाचीही बदली होत नसे. म्हणजे ही एक यादी टळली, की काका सुटले. पुढच्या यादीपर्यंत त्यांचं शेवटचं वर्ष लागणार होतं.

काकांना मशीनच्या खोलीत आणलं ते आपल्या लोकांच्या अदबीनं. झालं असं, की साहेबाला पत्र लिहायचं तर नुसतं नाव कसं टाइप करायचं, हा ऑफिसला पडलेला यक्षप्रश्न. मशीनचा पत्ता म्हणजे उघडंबोडकं आडनाव, तेही बारीक इंग्रजी अक्षरांत. कारकून मंडळींचा हात धजेना. कोणी पुढे ‘श्री’ लावी, कोणी मागे ‘साहेब’ जोडी, एकानं तर ‘माननीय’ लिहिलं. मशीनला असला माणूस ठाऊक नसे. ते पत्र परत पाठवी आणि त्याची एक प्रत पोस्टमास्टरला देई. पोस्टमास्टर ही मशीनमधली एक सेटिंग होती: न पोचलेलं पत्र कोणाला दाखवायचं त्याचं नाव. त्या जागी माझं नाव होतं, आणि रोज सकाळी मशीनमधल्या माझ्या टपालाच्या डब्यात असली भरकटलेली पत्रं साचलेली असत. मी वैतागून गेले होते.

आमचे साहेब उत्तरेकडचे, हुशार आणि तापट. त्यांनी सगळ्यांना बोलावून झापलं. “मशीन श्री-वी, साहब-वाहब नहीं समझती. सीधा नाम लिखिए.” लोकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा श्री लावलं.

शेवटी मी काकांना म्हटलं, “काका, ही पत्रं तुम्हीच बघा. तुम्हाला लोकांचं मन कळतं.” साहेबांना विचारलं, ते फाइलीत मान घालून “हाँ हाँ, करो” म्हणाले. मी पोस्टमास्टरच्या सेटिंगमधून माझं नाव काढून काकांचं टाकायला बसले, तर काकांनी माझा हात धरला.

“थांब वं पोरी. आधी पाहून तर घे, काय हाये.”

“माझं नाव आहे. मला माहीत आहे.”

“तुले माहीत हाये, पण कागदाले माहीत नाही.” ते उठले आणि एक कोरं रजिस्टर घेऊन आले. पट्टीनं रकाने आखले: तारीख, सेटिंग, आधी काय होतं, आता काय केलं, कोणी केलं. सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना, त्याच्या डोक्यावर लिहिलं, ‘काहून’.

“ऑफिसच्या रजिस्टरात ‘कारण’ लिहितात, काका.”

“कारण साहेबाले सांगाचं असते. काहून आपल्याले.” मग त्यांनी मागाचं उदाहरण दिलं. “नवा ताणा लावाचा असला तर कोष्टी जुना ताणा तोडून फेकत नाही. जुन्याच्या एकेका धाग्याले नवा धागा जोडते, मंग हळूच ओढून घेते. तू त जुना तोडूनच राहिली सरळ.”

मला राग आला, पण लिहिलं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच आठवड्यात त्या रजिस्टरानं माझी अब्रू वाचवली. हेड ऑफिसचा फोन नंबर मी चुकीचा टाकला होता, पत्रं अडकून बसली होती, आणि जुना नंबर ‘आधी काय होतं’ या रकान्यात काकांच्या गोल अक्षरात हजर होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे मान तुकवली. रोज दहाला त्यांनी सेटिंगांची हजेरी सुरू केली. मी एकेक नाव टाइप करायची, पडद्यावर किंमत यायची, काका चष्मा वर करून ती रजिस्टराशी ताडून पाहायचे आणि म्हणायचे, “हाये.” शाळेतल्या मास्तरांनी पोरांची हजेरी घ्यावी तसं. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. परत आलेली पत्रं ते एका बोटानं टाइप करत, श्री आणि साहेब काढून पुढे पाठवत. पाठवायच्या आधी हळूच म्हणत, “माफ करजा साहेब.”

असं पाच-सहा महिने चाललं. मग यादीचा आठवडा आला. नावं शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हेड ऑफिसला पोचायला हवी होती. बुधवारी दुपारी साहेब स्वतः टर्मिनलवर बसले, काहीतरी टाइप केलं आणि चार दिवसांच्या दौऱ्यावर निघून गेले.

गुरुवारी अकराचा फोन झाल्यावर पोस्टमास्टरच्या डब्यात एक पत्र आलं. काकांनी उघडलं. मी शेजारीच होते. पत्र साहेबांचं होतं, हेड ऑफिसच्या मुख्य साहेबांना लिहिलेलं. आवक-जावक विभागाची गरज उरलेली नाही, तिथल्या कर्मचाऱ्याला सरप्लस यादीत घ्यावं. खाली काकांचं पूर्ण नाव. आणि ते परत का आलं होतं? आमच्या साहेबांनी आपल्या साहेबांच्या नावापुढे ‘श्री’ लावला होता. अख्ख्या ऑफिसला झापणारा माणूस, पण स्वतःच्या वरिष्ठाला उघड्या नावानं हाक मारायला त्याचाही हात धजला नव्हता.

मला आधी हसूच फुटलं. मग मी काकांकडे पाहिलं आणि हसू विरलं.

“काका, हे इथंच राहू द्या,” मी दबक्या आवाजात म्हटलं. “काही करायचंच नाही. नुसतं बघायचं नाही. साहेब दौऱ्यावर, उद्या पाच वाजता यादी बंद. तुम्ही काही खोटं करत नाही आहात. मशीननं परत पाठवलं, साहेबांच्याच चुकीनं.”

आपलंच नाव हिरव्या अक्षरांत वाचताना काकांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, “उद्या सकाळी सांगतो तुले.” आणि आपल्या टेबलाशी जाऊन डिंकाच्या बाटलीचं तोंड पुसत बसले.

मला त्यांची भीती वाटत होती. म्हणजे त्यांच्या सरळपणाची. हा माणूस उद्या ते पत्र पाठवणार, हे मला दिसत होतं. काकूंना मी दोनदा भेटले होते. माझ्या हातच्या बांगड्या चाचपून त्यांनी “कोणत्या रंगाच्या हायेत?” विचारलं होतं, आणि चहा गाळताना एक थेंब सांडला नव्हता. त्या बाईला कुठल्याशा कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये भिंती चाचपताना बघायचं? दुपारी साडेतीनला खोलीत कोणी नव्हतं. मी फोनच्या वेळेची सेटिंग टाइप केली. पडद्यावर आलं: रोज, अकरा आणि चार. त्याच्यापुढे मी लिहिलं: शनिवार, अकरा. एंटर मारलं. मशीन नेहमीसारखं गप्प राहिलं. चार वाजता फोन लागला नाही. काकांनी उद्या पत्र पाठवलं तरी ते शनिवारपर्यंत आमच्याच मशीनमध्ये पडून राहणार होतं. रजिस्टरात मी काही लिहिलं नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली हेही कबूल करून टाकते.

शुक्रवारी काका दहाच्या आधीच आले. “पाठवून टाकू,” म्हणाले. “काल तुह्या काकूले सारं सांगतलं. मी म्हटलं, काय करू? तं ते म्हणे, इथं बत्तीस पावलं हायेत, तिथं किती हायेत ते मोजून घेऊ. मले काहून विचारता?” बोलता बोलता त्यांनी रजिस्टर काढलं. “तीस वर्षं झाले, लोकाईचं टपाल कधी रोखलं नाही. आपलं आलं म्हणून रोखू? ज्याच्या नावाचं हाये त्याले पोचलं पाहिजे.”

“आपलं नाही ते. तुमच्या विरुद्ध आहे.”

“पत्राले विरुद्ध-गिरुद्ध काही नसते. चाल, आधी हजेरी घेऊ.”

मी हजेरी टाळायचा प्रयत्न केला. म्हटलं आज राहू द्या, घाई आहे. ते चष्मा वर करून उभेच. मी एकेक नाव टाइप करत गेले, ते “हाये, हाये” म्हणत गेले. फोनच्या वेळेपाशी ते थांबले. पडद्याकडे पाहिलं, रजिस्टराकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. मला वाटलं ओरडतील. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं.

“लिव्ह.”

मी लिहिलं. सेटिंग, फोनची वेळ. आधी, रोज अकरा व चार. आता, शनिवार अकरा. कोणी, मी. पेन तिथंच थांबलं.

“पुढं?”

“चुकून झालं असं लिहिते.”

“चुकून झालं काय?”

“नाही.”

“मंग खरं लिव्ह. नाही तं हा रकाना काहाले पाडला?”

माझा तोल गेला. मी रडत होते आणि चिडलेही होते, स्वतःवर, त्यांच्यावर, त्या गप्प मशीनवर. मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘काकांचं पत्र जाऊ नये म्हणून.’ आणि रजिस्टर त्यांच्याकडे ढकललं. त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “आता पह्यलेसारखं कर वं बाई. अकरा वाजून राहिले.”

मी वेळ पूर्ववत केली. ती नोंद त्यांनी स्वतः लिहिली, आणि काहूनच्या रकान्यात लिहिलं, ‘पत्र गेलं पाहिजे म्हणून.’ मग एका बोटानं साहेबांचं पत्र पुढे पाठवलं, श्री काढून. त्या दिवशीही “माफ करजा साहेब” म्हणायला ते विसरले नाहीत. अकराला फोन लागला, मशीन किंचाळलं, पत्र गेलं.

सोमवारी साहेबांनी मला रजिस्टर घेऊन बोलावलं. गुरुवारी चारला नागपूरचा फोन का आला नाही, अशी हेड ऑफिसची विचारणा होती. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि प्रोबेशनवरही पाणी सोडलं होतं मी. साहेबांनी दोन्ही ओळी वाचल्या. मराठी त्यांना बोलता येत नसे, वाचता येई.

“यह आपने लिखा?”

“हो सर.”

“लेटर मैंने बुधवार को भेजा था. शुक्रवार को कैसे गया?”

“परत आलं होतं सर. तुम्ही नावापुढे श्री लावला होता. काकांनी काढून पाठवलं.”

साहेबांचे कान लाल झाले. ते उठून खिडकीशी गेले. मग वळून म्हणाले, “वह लौटा हुआ लेटर इनके पास क्यों गया?”

“पोस्टमास्टर तेच आहेत, सर.”

“किसने बनाया?”

“मी. तुम्ही हो म्हणाला होता. सेटिंगमध्ये आहे.”

“दिखाइए.”

आम्ही दोघं मशीनच्या खोलीत आलो. साहेब इतिहासात पहिल्यांदा चपला न काढता आत आले. मी नाव टाइप केलं, एंटर मारलं. पडद्यावर काकांचं आडनाव आलं, बारीक अक्षरांत, श्रीशिवाय. साहेब वाकून बघत राहिले. या माणसाचा माणसांपेक्षा मशीनवर विश्वास, हे आम्ही सगळे जाणून होतो, आणि त्यावर मागून टिंगलही करायचो.

“तो यह आदमी डिस्पैच में है ही नहीं,” शेवटी ते म्हणाले. “कम्प्यूटर रूम में है. मुझे किसी ने बताया क्यों नहीं?”

त्यांनी तिथूनच ट्रंक कॉल लावला. फोनवर मात्र ते ‘श्रीमान’ आणि ‘सर’ मनसोक्त म्हणाले, कारण फोनला चालतं. नाव चुकीनं गेलं, माणूस सरप्लस नाही, मशीनचा पोस्टमास्टर आहे. काका दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, आपल्या टेबलाशी गेले आणि त्या दिवशी जेवायच्या सुटीत पहिल्यांदाच ऑफिस सोडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले ते डबाभर पुरणपोळ्या घेऊन. मला लेखी मेमो मिळाला आणि माझं प्रोबेशन तीन महिने वाढलं. आईला मी मेमोचं सांगितलं, पुरणपोळ्यांचं आधी सांगितलं.

सव्वा वर्षानं काका रिटायर झाले. हार झाले, भाषणं झाली, साहेबांनी भाषणात मशीनचाच जास्त उल्लेख केला. पाच वाजता काका खोलीत आले, चपला बाहेर काढून. म्हणाले, “आपलं एक काम राहिलं.”

पोस्टमास्टरच्या सेटिंगमधून त्यांचं नाव काढायचं होतं. मी दोन दिवस ते टाळत होते. त्यांनी मला उठवलं, स्वतः खुर्चीत बसले. आधी नुसतं नाव टाइप करून काय आहे ते पाहिलं, आणि “हाये” म्हणाले. मग एका बोटानं पुढे माझं आडनाव लिहिलं, “माफ करजो वं बाई” म्हणाले, आणि एंटर मारलं. मशीन गप्प.

मग त्यांनी रजिस्टर ओढलं. आधी, त्यांचं नाव. आता, माझं. काहूनच्या रकान्यात लिहिलं, ‘घरी जाऊन राहिलो.’ पेन माझ्या हातात दिलं. दारापर्यंत गेले, वळले, परत येऊन पेन मागून घेतलं, आणि ‘घरी’च्या डोक्यावर बारीक अक्षरात घातलं, ‘त्याच’.